रुमालात धरलेला अंगठा

त्यांनी खिशातून रुमाल काढला. पांढरा, इस्त्रीचा. घडी न मोडता तो माझ्या मायच्या हातावर टाकला आणि रुमालावरून तिचा अंगठा धरला. टोक तेवढं बाहेर ठेवलं.

"शाई लागते हाताले," ते म्हणाले.

कोणी विचारलं नव्हतं.

अकोटातली गोष्ट. कोर्टाबाहेर निंबाच्या झाडाखाली नोटरीचं टेबल. टेबलावर टाइप केलेला कागद, आणि तो उडू नये म्हणून त्यावर ठेवलेलं निळ्या शाईचं पॅड. उन्हाळा असा की डांबर चपलेला चिकटत होतं. माय खुर्चीवर बसली नाही. तिला बस म्हटलंही नाही कोणी. ती टेबलावर वाकून उभी होती, अंगठा त्यांच्या ताब्यात देऊन, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. मला त्या हसण्याचाच जास्त राग आला.

माय सुईण. गावातल्या दोन पिढ्या तिच्या हातावर जन्मल्या. हा रुमालवाला माणूस, विलासभाऊ, आमच्या गावच्या पाटलाचा एकुलता एक मुलगा, तोही. तो जन्मला तेव्हा रडला नव्हता. मायनं त्याच्या तोंडात बोट घालून चिकटा काढला, पाय धरून उलटा केला, पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठं श्वास घेतला त्यानं. त्या वेळी तिच्या हाताला काय काय लागलं असेल ते मी नर्स आहे म्हणून मला नीट माहीत आहे. तिनं रुमाल मागितला नव्हता.

मी बाजूलाच उभी होते, मायची पिशवी हातात घेऊन. अमरावतीला एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात मी नोकरी करते. शिकलेली, पगारी बाई. आणि मी बघत उभी राहिले. ही लाज आधी सांगून टाकते, बाकीचं मग सांगते. शिकले म्हणून अशी छापील बोलते. चिडले की माझं मले-तुले सुटतं, ते पुढं येईलच.

विलासभाऊंच्या आधी पाटलीणबाईंचे दोन मुलगे गेले. एक सव्वा महिन्यात, एक पाचवीच्या आत. मधली एक मुलगी जगली, पण ती मुलगी. मग हे झाले तेव्हा पाटलाच्या आईनं, मोठ्या मालकीणबाईंनी, इलाज काढला. आमच्या भागात हा इलाज जुना आहे. पोर जगत नसलं की ते उकंड्यावर टाकायचं. उकंडा म्हणजे शेणाचा, केरकचऱ्याचा ढीग. पोर टाकून दिलं असं दाखवायचं. मग खालच्या समजलेल्या जातीतल्या बाईनं ते उचलायचं, आपलं म्हणून पदरात घ्यायचं, आणि घरच्यांनी सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून मागून घ्यायचं. म्हणजे मरण पोराला शोधत आलं तर त्याला वाटावं, हे या घरचं नाहीच, हे तर तिचं. आणि तिच्या पदरातल्या पोराला हात लावायची मरणालाही शिसारी यावी.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. मोठ्या मालकीणबाई सगळ्यांदेखत म्हणायच्या, "गिरजीच्या पदरातलं पोट्टं यम बी शिवत नाई."

गिरजी म्हणजे माझी माय. गिरजा. आम्ही बौद्धपुऱ्यातले, म्हणजे गावाच्या खालच्या अंगाच्या वस्तीतले.

म्हणून विलासभाऊंचं घरातलं नाव उकंडा. शाळेत विलास, घरात उकंडा. माय त्यांना उकंडाच म्हणायची, आणि इतकं मायेनं म्हणायची की लहानपणी मला हेवा वाटायचा.

पोरगं जगलं. मग दरवर्षी त्याच्या जन्मतिथीला तेच, बारा वर्षांचा होईपर्यंत. माय आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून जायची. ते नव्या कपड्यांत उकंड्यावर बसलेले असायचे. तिनं उचलायचं, छातीशी धरायचं, त्यांच्या घराच्या पायरीपर्यंत न्यायचं आणि खाली ठेवायचं. पायरीपर्यंतच. वर नाही. मग सूपभर कोंडा घ्यायचा आणि मागं न बघता निघायचं.

मी सहा-सात वर्षांची असेन. एकदा तिनं मला सोबत नेलं. ते माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, अंगानं भरलेले. मायला पेलत नव्हते. तिनं कसंबसं उचललं. त्यांनी दोन बोटांनी नाक दाबून धरलं होतं. उकंड्यावर बसले होते तेव्हा नाही दाबलं. मायनं उचललं तेव्हा दाबलं.

मी मोठ्यानं विचारलं, "माय, हा आपला व्हय तं आपल्या घरी काहून येत नाई?"

आधी सगळे हसले. मग मोठ्या मालकीणबाईंचा चेहरा बदलला, आणि तो बदललेला पाहून मायनं मला थोबाडीत दिली. सगळ्यांदेखत. "चूप राय," म्हणाली. आणि ते उकंडाभाऊ पायरीवरून माझ्याकडं बघून खदाखदा हसत होते. ते हसणं मला अजून ऐकू येतं. घरी आल्यावर मायनं कोंडा बकरीपुढं टाकला आणि माझा गाल चोळत बसली.

"असं इचारू नोको वो," म्हणाली. "तथी आपलं काम हाताचं हाय. तोंडाचं नाई."

हे वाक्य मी पुढं पस्तीस वर्षं पाळलं.

मधली एक गोष्ट सांगायला हवी. मी तिशीत होते. दवाखान्यात एक एजंट यायचा. परदेशात म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीला नर्स हव्या होत्या. मी नाव दिलं. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघाला. पण तिकडच्या लोकांना जन्माचा दाखला हवा होता, आई आणि बाप दोघांच्या नावासकट. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नावच नाही, आमच्या वेळी लिहीत नसत. जन्मतारीख मास्तरांनी अंदाजानं टाकलेली.

मी गावच्या ग्रामपंचायतीत गेले. जुनं रजिस्टर काढायला लावलं. ते कोतवालाच्या वहीवरून उतरवलेलं होतं. कोण जन्मलं, कोण मेलं, हे कोतवाल गावात फिरून लिहायचा. जन्माचं त्याला सांगायचं कोण? माझी माय. कोणाच्या घरी मुलगा झाला, कोणाच्या घरी मुलगी, कोणत्या वारी, सगळं तिच्या तोंडून वहीत गेलेलं. मी पानं उलटत गेले. माझं वर्ष पाहिलं. मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. मी कुठंच नव्हते. अख्ख्या गावाचे जन्म सांगणाऱ्या बाईनं स्वतःच्या पोरीचा सांगितला नव्हता.

नंतर तिला विचारलं तर म्हणाली, "तू झाली अन् तिसऱ्या दिशी वरच्या पुऱ्यात एक अडली व्हती. मी तथी गेलती. मंग तुह्यं राहूनच गेलं."

रजिस्टर काढून देणारा माणूस हसत म्हणाला, "म्हंजे बाई, कागदानं पाह्यलं तं तुमी जन्मलेच नाई."

मीही हसले. अशा वेळी हसायची सवय आम्हाला घरातूनच लागलेली.

आणि तिथंच, चार-पाच वर्षं मागच्या एका पानावर, मला माझ्या मायचं नाव दिसलं. मूल: मुलगा. बापाचे नाव: पाटलांचं, पूर्ण, आडनावासकट. आईचे नाव: गिरजा. आडनाव नाही, पुढंमागं काही नाही. नुसतं गिरजा.

मी ती ओळ तीनदा वाचली. मला रडू येत होतं आणि का येतंय ते कळत नव्हतं. आई म्हणून माझ्या मायचं नाव सरकारी रजिस्टरात एकाच ठिकाणी आहे, आणि तिथं पोर दुसऱ्याचं आहे.

ही कोतवालाची चूक नव्हती. मायची तर नाहीच. घरी जाऊन खोदून विचारलं तेव्हा तिनं सांगितलं. कोतवाल लिहायला आला तेव्हा मोठ्या मालकीणबाई स्वतः दारात उभ्या राहिल्या. त्याला म्हणाल्या, "कागदावर बी गिरजीचंच नाव लिव. कागद वाचत कोनी याले शोधाले आलं, तं सापडला नाई पायजे." माणसाला फसवायला लोक खोटे कागद करतात. यांनी मरणाला फसवायला केला. आणि मग विसरून गेले.

मी कोणाला काही बोलले नाही. माझं परदेश तिथंच संपलं. एजंटनं माझ्या जागी दुसरी मुलगी पाठवली. जन्माची नोंद उशिरानंही करता येते, हे मला फार नंतर कळलं. तोवर त्या जागा भरल्या होत्या आणि माझी हौसही गेली होती.

मग दोन वर्षांपूर्वी विलासभाऊ माझ्या अमरावतीच्या दोन खोल्यांत आले. आयुष्यात पहिल्यांदा. बूट बाहेर काढले. चहा घेतला नाही, आत्ताच झाला म्हणाले. पण मला "ताई" म्हणाले. आजवर मी गिरजीची पोट्टी होते.

काम असं होतं. त्यांची मोठी बहीण लग्न होऊन अमेरिकेत गेली, तिथलीच झाली. भावानं तिकडं यावं म्हणून तिनं फार वर्षांपूर्वी अर्ज भरून ठेवला होता. आता नंबर लागला. मुंबईला मुलाखत. मुलाखतीला दोघा भावाबहिणींचे जन्माचे दाखले हवेत आणि दोन्हींवर आई एकच हवी. बहिणीच्या दाखल्यावर पाटलीणबाई. यांच्या दाखल्यावर गिरजा.

पासपोर्टवर फोटो असतो, बोटांचे ठसे घेतात, काय काय करतात. पण शेवटी तिकडच्या साहेबाला एवढंच बघायचं असतं की हा माणूस कोणाच्या पोटचा. ते सांगणारा कागद विलासभाऊंकडं एकच होता.

"चूक झाली बुढ्या लोकाइची," ते म्हणाले. "ग्रामसेवक म्हनते, नाव दुरुस्त होते, पन जिचं नाव हाय तिनं लिहून द्या लागते. गिरजाचा एक अंगठा पायजे ताई. दोन मिनटाचं काम हाय."

मी हो म्हटलं. लगेच. वरून म्हटलं, "येईल माय. तिला आनंदच होईल." त्या एका "ताई"नं मी विरघळले होते, खोटं कशाला बोलू. आणि त्यांचं मागणं रास्त होतं. नऊ महिने पोटात पाटलीणबाईंनी वागवलं. आईच्या जागी त्यांचंच नाव हवं. याबद्दल माझं तेव्हा दुमत नव्हतं, आजही नाही.

माय तर हरखून गेली. "माहा उकंडा इमानात बसते," असं पुऱ्यातल्या घराघरात सांगून आली. मी दिवाळीला घेतलेलं पातळ तिनं पेटीत तसंच ठेवलं होतं, ते काढलं. पदराच्या टोकाला मीठ-मोहऱ्या बांधून घेतल्या. लेकरू दूरच्या वाटेला चाललं, दृष्ट काढून देते म्हणाली. तिला नेण्यासाठी मी अमरावतीहून गावी आले होते. विलासभाऊ गाडी पाठवणार होते. सकाळी सातपासून आम्ही फाट्यावर उभ्या. गाडी आली नाही. दहाला एसटी आली, तिनं गेलो. बसायला जागा नव्हती. माय पूर्ण वाट दांडी धरून उभी होती आणि कंडक्टरलाही सांगत होती, माझा उकंडा परदेशी चालला.

तर तो रुमाल. तो अंगठा. त्यांनी तो पॅडवर दाबला. निळा झाला. कागदाकडं नेला.

कागदाच्या डोक्यावर नाव होतं, श्रीमती गिरजाबाई. माझ्या मायला वरच्या पुऱ्यात पाच वर्षांचं पोरही गिरजे म्हणून हाक मारायचं. हे श्रीमती कुठून आलं, म्हणून मी खालचं वाचायला लागले. दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी सही घेताना मी नातेवाइकांना कागद वाचून दाखवते. ती सवय कामाला आली.

"एक मिनिट," मी म्हटलं, आणि मोठ्यानं वाचलं.

"मी लिहून देते की, श्री. विलासराव यांच्या जन्माशी माझा कोणताही संबंध नाही. त्या वेळी मी हजर नव्हते. मी लोभापोटी, कोतवालास खोटी माहिती देऊन, आईच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहवून घेतले. या कृत्याबद्दल मी दिलगीर आहे."

टेबलाभोवतीची माणसं माझ्याकडं बघायला लागली. मायला असली छापील मराठी अर्धीमुर्धीच कळते. "लोभ" कळलं. "खोटी" कळलं. तिचं हसू गेलं. अंगठा अजून रुमालातच होता. तिनं मान वर करून त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "उकंडा, म्या चोरलं व्हतं का रे तुले?"

ते तिच्याकडं बघत नव्हते. नोटरीला म्हणाले, "घ्या ना साहेब लवकर. ऊन होऊन राहिलं."

मला माझा गाल आठवला. सहा-सात वर्षांचा. मी मायचं मनगट धरलं आणि हात ओढून घेतला. रुमाल खाली पडला.

"अंगठा नाई देत माय," मी म्हटलं.

"काय झालं ताई? कागदाची भाषा असते थे. कोन वाचते?"

"म्या वाचलं." माझं मले-तुले सुटलं होतं. "तुमी खरं लिवा ना. लिवा, मोठ्या मालकीणबाईनं नाव टाकाले लावलं. लिवा, गिरजा सुईण व्हती, तिच्या हातावर तुमी जन्मले. लिवा, तुमाले उकंड्यावर ठिवलं व्हतं अन् तिनं उचललं. मंग दहा अंगठे घ्या तिचे. माही बी सही घ्या."

टाइप करणारा माणूस हसला. "असं कुठी लिहितात काय बाई, उकंडा-बिकंडा."

विलासभाऊंचा चेहरा लाल झाला. माझ्या जवळ आले. आवाज खाली आणला. "थे मुंबईत साहेबासमोर ठेवू काय मी? मले उकंड्यावर टाकलं होतं, अन् उचललं कोनं, तं..." तिथं थांबले. मग म्हणाले, "बापाचं नाव आमचं अन् मायचं नाव हिचं. लोक काय समजतात, समजते का तुले? पंचायतीत पोट्टे हसून राहिले माह्यावर."

ताई गेलं होतं.

"तुमच्यावर हसले तं तुमाले एवढं झोंबलं," मी म्हटलं. "मंग थेच पोट्टे तिले काय म्हनत असतीन? घरी दोन घास गोड लागतीन काय तिले? तिच्या अब्रूचा इचार आला काय तुमच्या मनात, एकदा तरी?"

"बुढीचं काय जाते," ते म्हणाले. "आज हाय, उद्या नाई. माह्यं सारं अडलं ना इकडं."

मायनं हे ऐकलं. तिनं अंगठा नव्या पातळाला पुसला. निऱ्यांवर निळा डाग पडला. माझ्या हातातली पिशवी घेतली. "चाल," म्हणाली.

रुमाल तिथंच धुळीत पडला होता. त्यांनी तो उचलला नाही.

अकोटच्या स्टँडवर आम्ही दोघी बाकावर बसलो. मला वाटलं, माय आता मला बरं केलं म्हणेल. ती म्हणाली, "द्या लागत व्हता वो अंगठा. गेलं असतं लेकरू." मी चिडले. तिला नाही नाही ते बोलले. तुझ्यासारख्यांमुळंच हे लोक असे, असंही बोलले. भर स्टँडवर. माय ऐकत बसली. बस लागली, आम्ही चढलो, अर्धी वाट गेली. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पन मी लबाड नाई." जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "मी लबाड नाई." गाव आलं तेव्हा पदराची गाठ हातात धरून बघत होती. "हे राहूनच गेलं," म्हणाली.

त्यानंतर वर्षभर माणसं येत राहिली. गावातली मोठी माणसं. मी अमरावतीत असताना यायची, म्हातारी एकटी गाठायची. गिरजे, मन मोठं कर. गिरजे, पोराचं नुकसान काहून करतं. मला वाटायचं, आज नाही तर उद्या माय अंगठा देऊन बसेल. पण नाही दिला. पुऱ्यातली शेजारीण सांगायची, प्रत्येकाला एकच उत्तर, "कागद बदला, मंग या." मी स्टँडवर तिला जे बोलले त्याची मला रोज लाज वाटते. तिच्यात ताठा नव्हता असं नाही. ती फक्त माझ्याहून हळू बोलायची.

कागद त्यांनी बदलला नाही. मुलाखतीची तारीख पुढं ढकलून घेतली, असं ऐकलं.

यंदाच्या थंडीत माय गेली. न्यूमोनिया झाला होता. मी तिला अमरावतीला आणलं, माझ्याच दवाखान्यात ठेवलं, शेवटचे दिवस गावी जायचं म्हणाली म्हणून परत नेलं. वरच्या पुऱ्यातल्या दोन म्हाताऱ्या आल्या, दुरून उभ्या राहिल्या, डोळे पुसून गेल्या. विलासभाऊ आले नाहीत. मृत्यूची नोंद मीच ग्रामपंचायतीत जाऊन केली. गावच्या त्या रजिस्टरात माझ्या मायचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, मेल्यावर लागलं.

पाचव्या दिवशी फोन आला.

"ताई, वाईट झालं," विलासभाऊ म्हणाले. "एक काम होतं. मयताचा दाखला काढला असन ना? त्याची एक प्रत पायजे. बाई वारली म्हटल्यावर वारसाची सही चालते म्हनते ग्रामसेवक. मजकूर तोच ठेवला हाय. आता तं तिले काही फरक पडत नाई."

मी फोन धरून उभी होते. समोर दोरीवर मायचं लुगडं वाळत होतं. मी रडले नाही. "मले पडते," म्हटलं, आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी तिची पेटी उघडली. ते पातळ होतं. निऱ्या तेवढ्या धुतलेल्या, पण निळा डाग गेला नव्हता. पदराच्या टोकाची गाठ तशीच. आत मीठ ओलसर होऊन दगड झालेलं. दोन वर्षं तिनं ती गाठ सोडली नव्हती. ह्या माणसाची दृष्ट काढायची राहिली म्हणून. तेव्हा मात्र मी जमिनीवर बसून फार रडले, आणि ते रडणं कोणासाठी होतं हे मला ह्या वेळी नीट कळत होतं.

मग मी लिहायला बसले. स्वतःच्या हातानं, कोऱ्या कागदावर. माय सुईण होती. त्यांचा जन्म तिच्या हातावर झाला. जन्म देणारी आई पाटलीणबाई. पोर जगावं म्हणून त्याला उकंड्यावर ठेवलं, मायनं उचललं, सूपभर कोंड्यावर परत दिलं. आईच्या रकान्यात तिचं नाव मोठ्या मालकीणबाईंनी लिहवून घेतलं. माय खोटं बोलली नाही. तिनं काही मागितलं नाही. खाली माझी सही. एक प्रत ग्रामपंचायतीत दिली आणि पोचेचा शिक्का घेतला. आता त्या फायलीत दुसरी कोणतीही गोष्ट घातली तरी ती ह्या कागदाच्या शेजारी बसेल. दुसरी प्रत माझ्या पर्समध्ये असते.

माझ्या स्वतःच्या जन्माच्या नोंदीचाही अर्ज केला आहे. मला आता कुठं जायचं नाही. पण आई म्हणून तिचं नाव माझ्या ओळीत हवं. साक्षीदार मागतात. माझ्या जन्माला हजर कोण होतं? ती एकटी. स्वतःची सुईण ती स्वतःच होती. नाळ तिनंच कापली. म्हणून मी वरच्या पुऱ्यातल्या त्या बाईकडं गेले, जी माझ्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी अडली होती. म्हातारी झाली आहे. म्हणाली, "गिरजी आली व्हती वो, ओली बाळंतीण. तिच्या काष्ट्याले रगत व्हतं. मले आठोते." सही द्याल का, विचारलं. पोराला विचारून सांगते म्हणाली. अजून सांगितलेलं नाही. मी दर रविवारी जाते. अमरावतीहून अकोट, अकोटहून गाव. पायरीखाली उभी राहत नाही, वर जाऊन बसते. हो म्हणेपर्यंत जाणार आहे.

विलासभाऊंचा गेल्या आठवड्यात पुन्हा फोन होता. नवी तारीख आली आहे. ह्या वेळी चुकली तर फाइल बंद होईल म्हणाले. आवाज रडवेला होता. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्यांची बहीण तिकडं वाट बघत असेल, तिचा ह्यात काही दोष नाही.

मी सांगितलं, "कागद तयार आहे, भाऊ. अकोटला या, त्याच टेबलापाशी. मी मोठ्यानं वाचीन, तुम्ही उभ्यानं ऐका. मग खाली लिहून द्या की हे सगळं खरं आहे. त्याच दिवशी मी संमती देते. तुमच्या आईचं नाव तुमच्या दाखल्यावर लागू द्या, ते लागायलाच हवं. पण माझ्या मायला लबाड ठरवून तुम्हाला इथून हलता येणार नाही."

मग म्हणाले, "सही केली तं चालन ना?"

"नाई," मी म्हटलं. "सहीसंगं तुमचा अंगठा बी लागन. पॅड मी आनीन. अंगठा मी धरीन. उघड्या हातानं."